ब्रशखाली गाडी घालण्याआधी: धुण्याचं यंत्र, मुंबईची धूळ आणि गाडीचा रंग

गाडीच्या रंगावर ओरखडे पाडते ती धूळ. ब्रश, स्पंज, फडकं, हात ही ती धूळ रंगावर फिरवणारी साधनं. म्हणून ‘ऑटोमॅटिक वॉशने रंग जातो का?’ या प्रश्नाचं उत्तर यंत्राच्या नावावर ठरत नाही. ब्रश टेकतो त्या क्षणी गाडीवर किती कण उरलेत आणि ब्रशमध्ये आधीच्या गाडीचे किती अडकलेत, यावर ते ठरतं. मुंबईत यात आणखी एक भर आहे. इथे गाडी महिन्यातून एखाद्या वेळी यंत्राखाली जाते, पण सोसायटीत रोज पहाटे ती पुसली जाते. एक बादली, एक फडकं आणि ओळीने पंधरा-वीस गाड्या. इथल्या गाड्यांच्या बॉनेटवर उन्हात जी कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक रेघांची नक्षी दिसते, तिचा मोठा वाटा या फडक्याचा असतो. यंत्राला दोष द्यायच्या आधी हे तपासून घ्यायला हवं, आणि ते कसं तपासायचं तेही पुढे सांगितलं आहे.

रंग किती जाड असतो?

पत्र्यावर साधारण चार थर असतात. सगळ्यांत खाली गंज रोखणारा थर, २० मायक्रॉनच्या आसपास (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यावर प्रायमर, ३० ते ३५. मग आपल्याला दिसणारा रंग, जेमतेम १५. आणि वर पारदर्शक क्लिअर कोट, ३५ ते ५० मायक्रॉन. सगळं मिळून १०० ते १२० मायक्रॉन, काही गाड्यांत १४०पर्यंत. प्रिंटरमध्ये घालतो त्या साध्या कागदाची जाडी १०० मायक्रॉन असते, यावरून अंदाज येईल. गाडीची सगळी चमक त्या वरच्या क्लिअर कोटची, आणि उन्हापासून रंग वाचवणारी द्रव्यंही त्याच्यातच असतात.

आता धुळीकडे बघा. रस्त्यांचं काँक्रिटीकरण, मेट्रोची कामं, पुनर्विकासासाठी पाडलेल्या इमारती यांतून उडणाऱ्या धुळीत वाळूचे आणि सिमेंटचे कण असतात. वाळूतला क्वार्ट्झ कठीणपणाच्या मोह्स मोजपट्टीवर ७ वर येतो, तर खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. जो कण काचेवर रेघ ओढतो त्याच्यापुढे क्लिअर कोटचं काय चालणार? हा कण फडक्याखाली दाबून ओढला की एक-दोन मायक्रॉन खोल चर पडते. एक चर डोळ्यांना दिसतही नाही. वर्षभरात अशा हजारो चरा साठल्या की काळी गाडी राखाडी दिसायला लागते.

आधी ओरखडे वाचायला शिका

गाडी धुऊन कोरडी करा. रात्री पार्किंगमध्ये मोबाइलचा टॉर्च बॉनेटपासून हातभर अंतरावर धरा आणि दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती बघा. तिथे गोल गोल जाळं दिसेल. गोल दिसतंय म्हणजे फडकं गोल फिरवलं असं लगेच धरू नका. चरा सगळ्या दिशांना असतात, पण दिव्याचा प्रकाश आपल्या डोळ्यांकडे फेकणाऱ्या तेवढ्याच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळ झाल्यासारखं वाटतं.

खरी खूण दिशेत असते. यंत्रातले बाजूचे ब्रश उभ्या दांड्यावर फिरतात, त्यामुळे दारांवर त्यांच्या रेघा आडव्या, लांब आणि एकमेकींना समांतर येतात. वरचा ब्रश आडव्या दांड्यावर फिरतो, त्याच्या रेघा बॉनेटवर आणि टपावर पुढून मागे जातात. हाताने पडलेल्या चरा आखूड, कमानीसारख्या आणि कशाही दिशांना गेलेल्या असतात.

आणखी एक सोपी परीक्षा टपाची. उंच गाडीच्या टपाच्या मधोमध पुसणाऱ्याचा हात पोचत नाही, पण यंत्राचा ब्रश टपावर सगळीकडे फिरतो. टपाचा मधला भाग स्वच्छ आणि बॉनेटवर जाळं, असं असेल तर गुन्हेगार फडकं आहे. टपावरही सारख्याच लांब रेघा असतील तर यंत्र. एकटीदुकटी खोल रेघ असेल, नखाला अडकत असेल, तर ती धुण्यातली नाही. ती बाइकच्या हँडलची, सामानाच्या पिशवीची किंवा फांदीची.

यंत्रांचे प्रकार, आणि कोणतं काय करतं

ब्रशवाली यंत्रं दोन तऱ्हेची. एकात गाडी उभी राहते आणि कमानीसारखं यंत्र तिच्यावरून पुढे-मागे फिरतं. दुसऱ्यात गाडी पट्ट्यावरून सरकत बोगद्यातून जाते. रंगाच्या दृष्टीने या दोहोंत फारसा फरक नाही. फरक पडतो ब्रश कशाचा आहे यावर. जुन्या यंत्रांत नायलॉनचे किंवा प्लॅस्टिकचे केस असतात. त्यांची टोकं झिजून फाटतात आणि फाटलेल्या टोकांत वाळू बसते. नव्या यंत्रांत मऊ फोमच्या पट्ट्या असतात. हा फोम बंद छिद्रांचा, पाणी शोषत नाही, त्यामुळे कण आत मुरत नाहीत आणि पाण्याच्या फवाऱ्याने लवकर निघून जातात. कापडाच्या पट्ट्या स्पर्शाला मऊ असल्या तरी चिखल धरून ठेवतात. त्या रोज नीट धुतल्या जात असतील तरच ठीक. तेव्हा ब्रशखाली जायचंच असेल तर फोमच्या पट्ट्यांचं यंत्र निवडा. नायलॉनच्या केसांखाली गाडी घालू नका, मग ते पेट्रोल भरल्यावर फुकट का मिळेना.

दुसरा प्रकार टचलेस. यात रंगाला काहीच टेकत नाही. रसायन फवारतात, दोन-तीन मिनिटं मुरू देतात आणि जोराच्या पाण्याने धुतात. घासायचं काम रसायनाला करावं लागतं, म्हणून ते बहुधा चांगलंच अल्कलाइन (आम्लाच्या उलट, सोड्यासारखं) असतं. एका धुण्याने क्लिअर कोटला काही होत नाही. पण वर लावलेलं वॅक्स त्याने लवकर उतरतं, आणि ते कडक उन्हात पत्र्यावर सुकलं तर डाग पडतात. ॲल्युमिनियमच्या चमकत्या पट्ट्या वारंवार अशा रसायनाने धुतल्या की पांढुरक्या पडतात.

टचलेसची खरी मेख मात्र शेवटी असते. पाण्याच्या जोराने सुटी धूळ जाते, पण रस्त्यावरच्या तेलकट धुराचा पातळ थर रंगावर चिकटून राहतो. बोटाने पुसून बघा, बोट करडं होतं. गाडी बाहेर आली की एक जण खांद्यावरचं शॅमी (पाणी टिपायचं चामड्यासारखं फडकं) घेऊन हा थर खसाखसा पुसतो. न टेकता धुतल्याचा सगळा फायदा त्या दोन मिनिटांत जातो. टचलेसमध्ये गाडी दिलीत तर पुसू देऊ नका. हवेने जेवढं सुकेल तेवढं सुकू द्या, आणि उरलेले थेंब आपल्या स्वच्छ मायक्रोफायबरने नुसते टिपा.

तिसरा प्रकार म्हणजे आपल्याकडे सगळीकडे पाटी दिसते तो ‘फोम वॉश’. नावामुळे यंत्र वाटतं, पण ते हाताचंच धुणं आहे: जोराचं पाणी, पांढराशुभ्र फेस, मग स्पंज. फेसाने काम होतं ते तो मळ सुटा करतो म्हणून, पण त्यासाठी तो चार-पाच मिनिटं तसाच राहायला हवा. गर्दीच्या रविवारी फेस मारला की अर्ध्या मिनिटात स्पंज फिरतो. तो स्पंज थोड्या वेळापूर्वी कुणाच्या तरी टायरवर फिरलेला असतो.

गाडी आत घालण्याआधी एक गाडी धुतलेली बघा

पैसे भरायच्या आधी पाच मिनिटं उभे राहा. पुढची गाडी आत गेली की ब्रश टेकण्याआधी तिच्यावर पाणी मारतात का, ते बघा. हा आधीचा फवारा सगळ्यांत महत्त्वाचा. तो किमान मिनिटभर सगळ्या बाजूंनी, चाकांच्या कमानीतही मारला जात असेल तर ते सेंटर काम जाणणारं आहे. कोरड्या गाडीला थेट ब्रश लागत असेल तर तिथून निघा. ब्रश फिरताना फेस भरपूर हवा, कारण साबणाचं पाणी ब्रश आणि रंग यांच्यामध्ये वंगणाचं काम करतं. फेसाची टाकी संपत आलेली असेल, नुसत्या पाण्यावर ब्रश फिरत असतील, तर ते घासणं झालं. ब्रश थांबलेले असताना पट्ट्यांकडे नजर टाका. टोकं तपकिरी, चिखलाने ताठ झालेली दिसली तर आज नको. पाणी फिरवून वापरणाऱ्या सेंटरमध्ये शेवटचं पाणी तरी स्वच्छ आहे ना हे विचारा. गाळण नीट नसेल तर बारीक गाळ फवाऱ्यातूनच परत गाडीवर येतो.

वेळही बघून जा. सकाळी उघडताच गेलात तर ब्रश रात्रभर निथळलेले असतात आणि तुमच्या आधी चिखलाने लडबडलेली गाडी गेलेली नसते. पावसाळ्यात कुणी घाटातून थेट यंत्रात गाडी घातली असेल तर पुढच्या दोन-तीन गाड्यांना तो चिखल भोगावा लागतो.

हाच नियम तुमच्या गाडीलाही लागू. गणपतीला कोकणात जाऊन आलात आणि दारांच्या खालच्या भागावर लाल मातीचे थर वाळलेत, तर तशी गाडी कोणत्याही ब्रशखाली घालू नका, फोमच्या नाही आणि हाताच्या स्पंजच्याही नाही. आधी फक्त जोराच्या पाण्याने धुऊन घ्या: चाकांच्या कमानी, दारांखालच्या पट्ट्या, बंपरच्या मागची बाजू, गाडीच्या पोटाखाली. नोझल पत्र्यापासून कमीत कमी ३० सेंटिमीटर लांब, फवारा पंख्यासारखा रुंद. जिथे खडी लागून रंग उडालाय तिथे, रबराच्या पट्ट्यांवर आणि स्टिकरच्या कडांवर पाणी सरळ मारू नका. सुटलेली कड पाण्याच्या जोराने पापुद्र्यासारखी निघते. माती पूर्ण गेल्यावर मग हवं ते धुणं.

आत जाताना

वायपर बंद करा, ‘ऑटो’वर तर मुळीच ठेवू नका. पाऊस ओळखणारे वायपर यंत्राचं पाणी काचेवर पडताच हलतात आणि ब्रशमध्ये अडकून मोडतात. आरसे मिटा. स्क्रूची अँटेना काढून डॅशबोर्डमध्ये ठेवा. पेट्रोलचं झाकण, विजेच्या गाडीचं चार्जिंगचं झाकण नीट बसलंय ना ते दाबून बघा, आणि डिकी पायाने उघडणारी असेल तर ती सोय बंद करा. बंपरला बांधलेली लिंबू-मिरची सोडा; तिची तार ब्रशच्या पट्टीत गुंतली तर पुढचे दोन मिनिटं ती तार तुमच्या बॉनेटवर फटके मारत फिरते. दारांवरचे पावसाळी व्हायझर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर बसवलेले असतात, एखादा हलत असेल तर आधी काढा. कॅरिअर असेल तर वरचा ब्रश लावू नका असं चालवणाऱ्याला सांगा. सरकत्या पट्ट्याच्या यंत्रात गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला, आणि ‘ऑटो होल्ड’ (थांबल्यावर आपोआप ब्रेक धरून ठेवणारी सोय) बंद. ते चालू राहिलं तर चाकं अडतात.

नुकतीच डेंटिंग-पेंटिंग केलेली गाडी असेल तर निदान महिनाभर ब्रश नाही. गॅरेजमधला रंग कारखान्यातल्या भट्टीसारखा तापवून पक्का केलेला नसतो, तो हळूहळू घट्ट होतो. मॅट रंगाच्या गाडीला ब्रशवालं यंत्र कधीच नको. घासून आलेली चमक मॅटवर पॉलिश करून घालवता येत नाही, तो भाग परत रंगवावा लागतो.

मग यंत्र चालेल कुणाला?

स्पष्टच सांगायचं तर पाच-सहा वर्षं जुनी, पांढरी किंवा चंदेरी, रोज ठाण्याहून बीकेसीला जाणारी गाडी असेल, तर फोमच्या पट्ट्यांच्या चांगल्या यंत्रात महिन्यातून एकदा-दोनदा घालायला काहीच हरकत नाही. मळ महिनोन् महिने साठू देण्यापेक्षा ते कधीही बरं. काळी, गडद निळी, गडद लाल गाडी असेल, नवी असेल, तर तिला ब्रश लावू नका. रंग गडद असल्याने तिच्यावर ओरखडे जास्त पडतात असं नाही, पण पडलेला प्रत्येक ओरखडा दिसतो. तिच्यासाठी टचलेस, किंवा पुढे दिलेलं दोन बादल्यांचं धुणं.

पावसाळ्यात ‘पाऊस धुतोच आहे’ म्हणून गाडी सोडून देणंही चूक. पाऊस टपावरची धूळ नेतो, पण पुढच्या गाडीच्या चाकांनी उडवलेलं तेलकट चिखलपाणी दारांच्या खालच्या अर्ध्यावर बसतं आणि ते नुसत्या पावसाने जात नाही.

रोजचं फडकं

इथे सगळ्यांत जास्त नुकसान होतं आणि इथेच ते थांबवणं सगळ्यांत सोपं आहे. पहाटे पाचला बादलीतलं पाणी स्वच्छ असतं. सहाव्या गाडीपर्यंत ते चहाच्या रंगाचं होतं. तळाशी वाळू बसलेली, आणि फडकं प्रत्येक वेळी तळापर्यंत बुडवलं जातं. पुसणाऱ्या दादांचा यात दोष नाही. त्यांना दोन तासांत वीस गाड्या संपवायच्या असतात, आणि नळाला पाणी ठरावीक वेळेतच असतं.

त्यांना आपलं सामान द्या: चार मायक्रोफायबर फडकी, पैकी दोन फक्त काचांची आणि वेगळ्या रंगाची, एक फवारणीची बाटली आणि रिन्सलेस वॉशची, म्हणजे लावल्यावर पाण्याने धुवावं न लागणाऱ्या द्रावणाची, बाटली. हे द्रावण साधारण १० लिटर पाण्यात ४० मिली, म्हणजे २५०ला १ या प्रमाणात असतं, पण बाटलीवर लिहिलेलं प्रमाणच खरं धरा. त्यातले घटक धुळीच्या कणाभोवती गुंडाळले जातात आणि तो रंगावर न घासता फडक्यात उचलला जातो. मग ठरवून सांगा: दादा, रोज फक्त काचा आणि आरसे. बॉडीला आठवड्यातून एकदाच हात लावायचा, तोही आधी फवारा मारून, दोन मिनिटं थांबून. फडक्याची चार घडी करायची, एक बाजू मळली की दुसरी, आठही बाजू संपल्या की ते फडकं बाजूला. काम वेगळं सांगतोय तर महिन्याचे पैसेही थोडे वाढवून द्या. घाईत झालेलं काम परत त्याच एका फडक्यावर येईल.

फडकी इतर कपड्यांबरोबर धुऊ नका, फॅब्रिक कंडिशनर घालू नका. कंडिशनरने धागे गुळगुळीत होतात आणि धूळ पकडेनासे होतात. जमिनीवर पडलेलं फडकं परत रंगावर जाणार नाही, हा नियम पक्का.

कोरडा मेणाचा झाडू, पिसांचा झाडू यांबद्दल एवढंच: मुंबईच्या धुळीवर ते चालवू नका. आणि धूळ बसलेल्या गाडीवर कव्हर घालू नका. समुद्राच्या वाऱ्याने कव्हर हलत राहतं आणि रात्रभर तीच धूळ टपावर घासत राहतं.

सोसायटीत दोन बादल्यांत धुणं

एकूण ३५ ते ४० लिटर पाण्यात मध्यम गाडी नीट धुऊन होते. पाइप चालू ठेवून धुतलं तर मिनिटाला दहा लिटर धरले तरी पंधरा मिनिटांत दीडशे लिटर जातात, आणि मे महिन्यात पाणीकपात चालू असताना ते बरं दिसत नाही.

पत्रा थंड हवा. पालथा हात बॉनेटवर पाच सेकंद ठेवा. चटका बसला तर थांबा, बेसमेंटमध्ये अर्धा तास गाडी उभी राहू द्या. तापल्या पत्र्यावर शाम्पू सुकतो आणि त्याचे डाग धुळीपेक्षा चिवट असतात.

चाकं सगळ्यांत आधी, वेगळ्या ब्रशने, वेगळ्या पाण्याने. ब्रेकमधून निघालेली लोखंडाची बारीक पूड चाकांवर असते, ती बॉडीच्या बादलीत यायला नको.

मग बागेत झाडांवर औषध मारायचा २ लिटरचा हातपंप घ्या. त्यात पाणी आणि कार शाम्पू घालून खालून वरपर्यंत सगळ्या गाडीवर फवारा. चार-पाच मिनिटं मुरू द्या, सुकू देऊ नका. नंतर झारीने किंवा पाइपने स्वच्छ पाणी सोडून हा मळ वाहून जाऊ द्या. इथपर्यंत गाडीला हात लावलेला नाही, आणि खरं धुणं इथेच झालेलं असतं. उरलेलं काम पातळ थर काढण्याचं.

एका बादलीत दहा लिटर पाणी आणि शाम्पू, दुसरीत दहा लिटर नुसतं पाणी, दोन्हींच्या तळाशी जाळी. हातमोजा मायक्रोफायबरचा, स्पंज नको, त्याच्या सपाट तळाखाली कण अडकून राहतो. मोजा शाम्पूत बुडवा, टपापासून सुरू करा, सरळ रेषेत, पुढून मागे. हाताचं वजन टाकायचं नाही, मोज्याच्या ओल्या वजनाने जेवढं होईल तेवढंच. टपाचा अर्धा भाग झाला की मोजा साध्या पाण्यात जाळीवर घासा, पिळा आणि मगच परत शाम्पूत. टप, काचा, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा भाग या क्रमाने या. दारांचा खालचा वीतभर भाग आणि बंपर सगळ्यांत शेवटी. साध्या पाण्याची बादली गढूळ झाली तर बदला.

कपड्यांची पावडर वापरू नका. ती अल्कलाइन असते आणि न विरघळलेले तिचे दाणेच घासले जातात. भांड्यांचा साबण वॅक्स धुऊन नेतो. शाम्पू पीएच ७च्या आसपासचा, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलाइनही नाही असा घ्या.

शेवटचं पाणी पाइपचं नोझल काढून हळू, सलग सोडा. पडद्यासारखं खाली उतरतं आणि बरेचसे थेंब सोबत नेतं. मोठा जाड मायक्रोफायबर टॉवेल पत्र्यावर अंथरा, तळव्याने थोपटा, उचला. ओढून पुसण्याची गरज पडत नाही.

महापालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांतलं, त्यात क्षार कमी. ते थोडं राहिलं तरी डाग हलके पडतात. टँकरचं बोअरचं पाणी असेल तर एकही थेंब सुकू देऊ नका. पांढरे गोल ठिपके आलेच तर पांढरं व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून ओल्या फडक्याने मिनिटभर लावा आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा.

धुण्याने न जाणारे डाग

कबुतराची विष्ठा वाळली की लोक नखाने किंवा कोरड्या कागदाने खरवडतात, आणि डागाबरोबर रंगावर चरे मिळतात. टिश्यूची घडी पाण्यात भिजवून डागावर दहा मिनिटं ठेवा, मग वर उचलून घ्या. उन्हात दोन-तीन दिवस राहिली तर क्लिअर कोटवर खोलगट ठसा उरतो, तो मग पॉलिशनेच जातो.

बांधकामाखालून जाताना उडालेलं ओलं सिमेंट अल्कलाइन असतं आणि काही तासांत घट्ट होतं. ओलं असतानाच पाण्याने धुतलंत तर सुटलात. वाळलं असेल तर व्हिनेगर-पाण्यात भिजवलेलं फडकं दहा मिनिटं ठेवून मऊ करा, धुवा, पुन्हा ठेवा. घासू नका.

लोकलच्या रुळांलगत गाडी उभी राहत असेल आणि पांढऱ्या रंगावर नारिंगी ठिपके दिसत असतील, तर ते गाडीचं गंजणं नव्हे. रुळांवरची आणि ब्रेकची लोखंडी पूड रंगावर बसून गंजलेली असते. आयर्न रिमूव्हर फवारा. लोखंड लागलं की तो जांभळा होऊन ओघळतो. तीन-चार मिनिटांत धुवा, सुकू देऊ नका. त्यानंतरच क्ले बार (रंगावर चिकटलेले कण उचलणारी मातीसारखी मऊ वडी) चालवा, आधी चालवलात तर तेच लोखंडी कण त्यात अडकून ओरखडे पाडतील.

पर्जन्यवृक्षाखाली टपावर पडणारा चिकट स्राव कोमट पाणी आणि शाम्पूने निघतो, फक्त आठवडा जाऊ देऊ नका.

दसऱ्याला बॉनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक काढतो आणि झेंडूचा हार घालतो. कुंकू कोरडं पुसू नका, पाणी ओतून जाऊ द्या. हळदीचा पिवळा डाग धुऊनही राहिला तर उन्हात काही दिवसांत आपोआप फिका पडतो, त्यासाठी घासायची गरज नाही. हाराचा दोरा मात्र गाडी चालताना दर सेकंदाला रंगावर आपटत असतो. पूजा झाली की हार बॉनेटवरून काढून आत डॅशबोर्डवर ठेवा.

रबिंग-पॉलिश आणि कोटिंग

जाळं आधीच पडलेलं असेल तर ते पॉलिशने जातं, पण कसं जातं हे समजून घ्या. चर भरत नाही. तिच्या आजूबाजूचा क्लिअर कोट चरीच्या तळापर्यंत झिजवला जातो. एका व्यवस्थित पॉलिशमध्ये दोन-तीन मायक्रॉन जातात. कारखान्याच्या क्लिअर कोटमधून एकूण आठ मायक्रॉनपेक्षा जास्त काढू नये, कारण उन्हापासून वाचवणारा वरचा भाग संपतो आणि काही वर्षांत टप-बॉनेटवर पांढरे पापुद्रे सुटतात. म्हणजे गाडीच्या सगळ्या आयुष्यात अशी पॉलिशं तीन, फार तर चार. प्रत्येक सर्व्हिसिंगला यादीत येणारं ‘रबिंग-पॉलिश’ म्हणूनच नाकारा. बहुधा त्यात तेलकट भराव असतो. चरा महिना-दोन महिने लपतात आणि पाच-सहा धुण्यांनी परत दिसतात, क्लिअर कोट मात्र गेलेला असतो.

करायचंच असेल तर डीए (ड्युअल ॲक्शन, म्हणजे गोल फिरता फिरता डोलणाऱ्या) मशीनने करणाऱ्याकडे करा, आणि आधी रंगाची जाडी यंत्राने मोजायला सांगा. १०० ते १४० मायक्रॉन भरलं तर मूळ रंग. २०० च्या वर असेल तर तो भाग परत रंगवलेला आहे. ८० च्या खाली असेल तर तिथे मशीन लावू देऊ नका. प्लॅस्टिकच्या बंपरवर जाडी मोजायचं साधं यंत्र चालत नाही, तिथे अंदाजानेच हलका हात ठेवावा लागतो.

सिरॅमिक कोटिंग, म्हणजे क्लिअर कोटवर लावायचा पातळ संरक्षक थर, घेताना ‘९एच’ असं सांगतात. ती पेन्सिलीच्या शिशाच्या कठीणपणाची मोजणी आहे. मोह्सच्या ९शी, म्हणजे माणकाच्या कठीणपणाशी, तिचा संबंध नाही. वाळू त्यावरही रेघ पाडते. कोटिंगचा फायदा असा की मळ कमी चिकटतो आणि जोराच्या पाण्याने जास्त निघतो, म्हणजे घासावं कमी लागतं. कोटिंग केलेल्या गाडीला टचलेस चालतं, फक्त रसायन पीएच ७च्या आसपासचं आहे का ते विचारून घ्या. ओरखडा खरोखर अडवते ती पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म), म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, दीडशे ते दोनशे मायक्रॉन जाडीची. बारीक चरा उन्हाने किंवा गरम पाण्याने तिच्यावर भरून येतात. तिची कमजोर जागा कडा. ब्रश आणि जोराचं पाणी कडेला लागलं की ती उचलते, आत धूळ जाते आणि काळी रेघ कायमची दिसते. पीपीएफची गाडी ब्रशखाली घालू नका, नोझल कडेपासून अर्धा मीटर लांब धरा, आणि फिल्म लावल्यापासून पहिले सात दिवस तिला धुऊच नका.